माहेराचा पत्ता

जगातलं सगळ्यात अश्लील वाक्यसुद्धा बाई दोनदा वाचायच्या. पहिल्यांदा व्याकरणासाठी आणि दुसऱ्यांदा अर्थासाठी. मधे चहाचा एक घोट. मग चष्मा कपाळावर सरकवून, शेजारी बसलेल्या मला उद्देशून म्हणायच्या, "वाक्यरचना उत्तम आहे गं. शाळेत हुशार असणार मेला." आणि मग ते वाक्य कायमचं पुसणारं बटण दाबायच्या.

आमची कंपनी डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजला, वकिलातींच्या शेजारी होती. इंटरनेटच्या नकाशावर लोक हॉटेलांना, दवाखान्यांना, दुकानांना तारे देतात आणि खाली आपला अनुभव लिहितात. त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवायचं आमचं काम. मी हिंदी-मराठीच्या टेबलावर. मिसळीला तर्री कमी होती म्हणून एका ताऱ्यावर दुकान निकालात काढणारी माणसं माझ्या वाट्याला यायची. बाई जपानीच्या टेबलावर होत्या. त्यांच्याकडे देवळं यायची, नूडल्सची दुकानं यायची, आणि ढिगाने यायची ती जपानमधली न्हाणीघरं. साधी नव्हेत, 'तसली'. तिथे बाई पुरुषाला आंघोळ घालते आणि पुढचं जे व्हायचं ते होतं. मालक कानावर हात ठेवून सांगतो की मी फक्त न्हाणीघर भाड्याने देतो, आत दोन मोठी माणसं काय करतात ते मला ठाऊक नाही. आणि बाहेर आलेलं गिऱ्हाईक घरी जाऊन तारे देतं.

असल्या टेबलावर कुणी कसलेला, निबर माणूस बसला असेल असं वाटेल. तिथे बसायच्या पन्नाशी ओलांडलेल्या, पुण्यात आयुष्यभर जपानी शिकवलेल्या, खादीचा कुर्ता आणि त्यावर पावसाळी जाकीट घालणाऱ्या आमच्या बाई. ऑफिस त्यांना 'सेन्सेई', म्हणजे जपानीत गुरुजी, म्हणायचं. आम्ही मराठी मंडळी नुसतं 'बाई'. ऑफिसात आल्या आल्या त्या बूट काढून कापडी सपाता घालायच्या. हे वळण जपानचं की पुण्याचं, असं आमचा टीम लीड डेक्लन याने एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दोन्हीकडच्या आया सारख्याच ओरडतात."

त्या आयर्लंडला आल्या २०१५च्या सुमारास, आणि आल्या त्या मुलीसाठी. अश्विनी आणि तिचा नवरा इथे आयटीत, आणि तिला दिवस गेलेले. बाकीच्यांच्या आया पाहुण्या म्हणून तीन महिने येतात, डिंकाचे लाडू करतात, थंडीला शिव्या देतात आणि परत जातात. बाईंना ते पटेना. डब्लिनला जपानी येणारी माणसं हवी आहेत असं त्यांना कुणा विद्यार्थिनीकडून कळलं. त्यांनी अर्ज केला, फोनवर मुलाखत दिली आणि स्वतःच्या वर्क परमिटवर विमानात बसल्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, पुण्यात पेन्शनीत होते. "त्यांना कुकर लावता येतो, काळजी नाही," एवढाच त्यांचा निरोप समारंभ.

इथे आल्यावरची त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे त्या लेकीकडे राहिल्या नाहीत. स्वोर्ड्स या उपनगरात, तिच्या घरापासून पाच मिनिटांवर, एका आयरिश आजीच्या घरामागची दीड खोली त्यांनी भाड्याने घेतली. जावई बिचारा नाराज झाला. लोकांनीही नाकं मुरडली. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं स्वाती, मी तिच्याच घरात राहिले तर ती माहेरी कुठे येणार?"

आणि अश्विनी यायची. दर शनिवारी बाळाला गाडीत घालून ती पाच मिनिटं चालत माहेरी यायची. बाई पलंगावर, बाळ त्यांच्या मांडीवर, अश्विनी खाली जमिनीवर आणि बाईंच्या हातात तेलाची वाटी. लेकीच्या केसांत बोटं घालून त्या सावकाश तेल जिरवायच्या. मीही स्वोर्ड्सचीच. माझं नागपूर हजारो मैलांवर, तेव्हा त्या माहेरात मीही हक्काने घुसायचे. बाई माझ्याही डोक्यावर तेल थापायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या नागपूरच्या उन्हाने पार काथ्या केलाय केसांचा."

बाईंचं काम काय, हे इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना कळलं ते शिरीषमुळे. शिरीष सॉफ्टवेअरमधला, आईबाबांवर जीव असलेला गुणी मुलगा. त्याचे आईबाबा टूरबरोबर जपानला निघाले होते. त्याने नकाशावर एक न्हाणीघर शोधून काढलं. गरम पाण्याचा टब, स्वतंत्र खोली, तेलाने मालिश आणि वर साडेचार तारे. बाबांची कंबर धरते, तेव्हा दोघांचं बुकिंग करायला तुम्ही जपानीत फोन कराल का, म्हणून त्याने प्रसादाच्या रांगेतच फोन बाईंच्या हातात दिला. बाईंनी पान वर-खाली सरकवलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"दोघांना नाही सोडत रे एकत्र."

"म्हणजे लेडीज-जेंट्स सेपरेट आहे का काकू?"

"लेडीज आत असतातच. बाहेरून न्यायच्या नसतात."

शिरीषला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने हातातला मोदक परत ताटात ठेवला. आजूबाजूच्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. हसल्या नाहीत त्या फक्त बाई. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं चुकलं नाही. ते साडेचार तारे खरे आहेत. फार मेहनतीचं काम असतं ते."

त्यांना हे काम किळसवाणं वाटत नसे का? मी एकदा बसमध्ये विचारलंच. विमानतळाजवळ ट्रॅफिक तुंबलेला, काचांवर पाऊस, दोघींच्या मांडीवर डबे. बाई म्हणाल्या, "किळस येते, पण कशाची येते ते नीट बघायचं. कालच एकाने लिहिलंय, हिचे हात खरखरीत होते, एक तारा कमी. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात घालून काय मखमल होणार? पायाच्या बोटांत चिखल्या होत असतील तिच्या, ते याला कसं दिसावं! दुसरा लिहितो, दारात गुडघे टेकून, बोटं जमिनीला लावून नमस्कार केला, पण घाईत केला. अरे बाबा, दर गिऱ्हाइकाला दारात गुडघे टेकायचे. मग टब घासायचा, पाणी भरायचं, त्याला चौरंगावर बसवून घासायचं, फेसाच्या गादीवर स्वतः घसरत त्याचं अंग चोळायचं. तो गेला की सगळं पुसून पुन्हा दारात गुडघे. साबण तिचा, टॉवेल तिचे, डॉक्टरच्या तपासण्या तिच्या. मालकाचं काय, तर भिंती."

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्याच तक्रारी उलट्या करून त्या वाचत. "तक्रार म्हणजे शिवणीची आतली बाजू," त्या म्हणायच्या. "उलटून बघितली की कुठे किती टाके घातलेत ते कळतं."

आणि गिऱ्हाइकांवरही त्यांचा सरसकट राग नव्हता. एका म्हाताऱ्याचा अभिप्राय त्यांनी मला मराठीत करून सांगितला होता. त्याची बायको वारलेली. त्याने बाकी कशाचाच उल्लेख केला नव्हता. पाणी अगदी बेताचं गरम होतं, आणि पाठ घासताना तिने विचारलं, अजून कुठे खाजतंय का, एवढंच. पाच तारे. नियमाप्रमाणे त्यात काढण्यासारखं काही नव्हतं, तरी बाई तो अभिप्राय बराच वेळ समोर ठेवून बसल्या. "हे विचारणारं माणूस घरात नसलं की कुणीही कुठेही जाईल गं," त्या म्हणाल्या.

पण या सगळ्याचं मूळ होतं ते त्यांच्या पंचविशीत. शिष्यवृत्तीवर जपानला गेल्या तेव्हा त्यांच्या खोलीला न्हाणी नव्हती. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक स्नानगृह होतं. बायकांची बाजू वेगळी, पण आत सगळ्या बायका एकत्र, आणि अंगावर सूत नाही. बाई पहिल्या दिवशी आत गेल्या त्या परकर छातीशी बांधून, आपल्याकडे नदीवर आंघोळ करतात तशा, आणि सरळ त्या मोठ्या हौदात उतरल्या. एकच हाहाकार उडाला. कपड्यानिशी, अंग न घासता हौदात उतरणं म्हणजे आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत चपला घालून वाढण्यासारखं. मालकीण ओरडत आली. बाई परकर घट्ट धरून उभ्या. तेवढ्यात एका बाईने येऊन त्यांचा हात धरला, बाजूला नेऊन चौरंगावर बसवलं, परकराची गाठ सोडली आणि एक शब्द न बोलता त्यांची पाठ घासायला घेतली.

"काय हात होता!" बाई सांगायच्या. "आईनंतर माझी पाठ कुणी अशी घासली नव्हती. मला रडूच फुटलं." मग पुणेरी चौकसपणाने त्यांनी स्वतःचं नाव, गाव, वडिलांची नोकरी सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, तुमचं माहेर कुठलं? अख्ख्या स्नानगृहात एकदम शांतता पसरली. ती बाई हसली आणि म्हणाली, "उत्तरेला. बर्फ पडतो तिथे." एवढंच. नंतर घरमालकिणीने समजावलं की पलीकडच्या गल्लीत 'तसली' न्हाणीघरं आहेत. दुसऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या बायका सुटीच्या दिवशी स्वतःच्या आंघोळीला इथे येतात. त्यांना वाटेल ते विचार, पण गाव विचारू नकोस. माहेरच्यांच्या लेखी त्या कुठे कारखान्यात असतात, कुठे दुकानात असतात. नव्या वर्षाला पेढे-बिढे घेऊन आईकडे जातात. ते एक दार उघडं राहावं म्हणून बाकी सगळं झाकलेलं असतं.

"पेढे?" मी म्हटलं.

"तिकडचे काय असतील ते गं. मुद्दा लक्षात घे."

मुद्दा पुढे माझ्या चांगलाच लक्षात राहिला. एका सोमवारी बाईंनी अभिप्राय पहिल्यांदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि चहाचा घोट घेतलाच नाही. एका गिऱ्हाइकाने एका बाईविषयी लिहिलं होतं. तिथे सगळ्याजणी टोपणनावाने वावरतात. याने तिचं खरं, आडनावासकट नाव दिलं होतं. तिचं गाव दिलं होतं. तिच्या आईचं स्टेशनासमोर फुलांचं दुकान आहे, हेही लिहिलं होतं. शिवी एक नाही. भाषा गोड. तिने त्याला पुन्हा भेटायचं नाकारलं होतं, असं शेवटच्या वाक्यावरून दिसत होतं.

"याने तिचं माहेर लिहिलंय गं," बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी तोच मजकूर नव्या नावाने हजर. बाईंनी पुसला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. जपानात रात्री गिऱ्हाईक लिहायचं आणि डब्लिनात सकाळी बाई पुसायच्या. चहाच्या आधी, सपाता घालायच्याही आधी. जाकीट अंगावर असतानाच संगणक सुरू करून आधी ते पान उघडायच्या.

इथवर सगळं नियमात बसायला हवं होतं. पण आमचं काम तपासणारी मंडळी बसायची दुसऱ्या देशात आणि त्यांच्यात जपानी कुणालाच येत नव्हतं. ती यंत्राकडून इंग्रजी करून घ्यायची आणि त्यावरून आम्हाला गुण द्यायची. यंत्राने नावागावाचाही शब्दशः अर्थ लावून त्या मजकुराचं केलं होतं काहीसं असं, की 'उत्तरेकडून आलेलं सुंदर फूल. तिच्या आईच्या दुकानालाही अवश्य भेट द्या.' तपासनीसांनी शेरा मारला, चांगला अभिप्राय चुकून काढला. रोज एक चूक. बाईंनी प्रत्येक वेळी खुलासा पाठवला. प्रत्येक वेळी छापील उत्तर आलं. "उंटावरून शेळ्या हाकतात मेले," बाई म्हणायच्या, "आणि उंटाला शेळीची भाषा येत नाही म्हणून शेळीचेच गुण कापतात." गुण घसरत घसरत लाल रेघेखाली गेले आणि ताकीद आली. बाईंचं परमिट लवकरच नव्याने करायचं होतं. गुण असेच राहिले तर कंपनी करणार नाही, हे ताकिदीत अगदी सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं.

तो शनिवार मला स्पष्ट आठवतो. नेहमीसारखी बैठक जमली होती. अश्विनीच्या केसांना अर्धंच तेल लागलं होतं आणि ती उठून उभी राहिली.

"आई, परमिट होईपर्यंत नको ना काढूस तो मजकूर. दोन-तीन महिने फक्त. मग काय काढायचं ते काढ."

"दोन-तीन महिन्यांत त्या गावातल्या एकाने जरी ते पान वाचलं तरी पुरे."

"आणि तू गेलीस तर? मी कुणाकडे यायचं शनिवारी?" अश्विनी म्हणाली. "तुझी काही ओळख आहे का तिची? कोण लागते ती तुझी?"

"ओळख नाही," बाई म्हणाल्या. "तिला कुणी ओळखू नये, म्हणूनच तर चाललंय."

अश्विनी तेल तसंच ठेवून बाळाला घेऊन निघून गेली. बाईंनी वाटीतलं उरलेलं तेल बाटलीत परत ओतलं. थोडं तेल टेबलावर सांडलं. एवढ्या वर्षांत बाईंच्या हातून काही सांडलेलं मी पाहिलं नव्हतं. "तिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझी लेक आहे, तिचं चुकेल कसं? पण मी इथून गेले तर माझी लेक विमानाचं तिकीट काढून पुण्याला येऊ शकते. त्या मुलीने तिकीट काढून कुठे जायचं?" मग त्या रडल्या. लपवलं नाही. मीही रडले.

सोमवारी त्या डेक्लनला भेटायला गेल्या आणि मला बरोबर नेलं. डेक्लन तिशीचा, मनाने चांगला, प्रत्येक संकटाला 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे 'सगळं ठीक आहे', असं म्हणून थोपटणारा. आयर्लंडच्या वायव्य टोकाला, लेटरकेनी शहराच्याही पुढे डोंगरात कुठेतरी त्याचं गाव. तो म्हणाला, "सेन्सेई, युअर मॅन हा विक्षिप्त आहे, मान्य. पण ऑडिटला मजकुरात गैर काही दिसत नाही, तर मी काय करू?" 'युअर मॅन' म्हणजे इथे नुसतं 'तो कुणीतरी माणूस', पण बाईंना तो शब्दप्रयोग कधीच झेपला नाही. "माझा कशाला तो," त्या मराठीत पुटपुटल्या आणि इंग्रजीत त्याला विचारलं, "डेक्लन, तुझ्या आईचं दुकान आहे ना?"

डेक्लन खुलला. "आहे ना! चर्चच्या शेजारी. लोकर आणि गोळ्या-बिस्किटं. अख्खा गाव तिथे येतो."

"आणि बहीण?"

"ती इथे डब्लिनमध्ये. नर्स आहे."

"मग ऐक. मी तुला हा मजकूर भाषांतर करून सांगते. जपानीतून इंग्रजीत नाही, जपानातून आयर्लंडमध्ये." आणि बाईंनी डोळे मिटून, वर्गात धडा वाचावा तशा शांत आवाजात सांगितलं. "डब्लिनच्या अमुक घरात रोझ नावाची जी मुलगी पुरुषांना आंघोळ घालते, ती खरं म्हणजे नर्स-बिर्स नाही. तिचं खरं नाव हे, आडनाव हे. लेटरकेनीच्या पुढे, तमुक गावात, चर्चशेजारी जे लोकरीचं दुकान आहे, ते तिच्या आईचं. म्हातारी फार गोड आहे. त्या बाजूला गेलात तर अवश्य भेटा आणि मुलीची चौकशी करा."

डेक्लनने 'ग्रँड' म्हटलं नाही. त्याच्या गोऱ्या मानेवर लाल डाग उमटले. तो म्हणाला, "दुपारच्या आत अख्ख्या गावाला कळेल. आणि आई पुन्हा चर्चला जाणार नाही." मग त्याने आमच्यासमोरच फोन उचलला.

त्याने मनापासून भांडण केलं, हे मी सांगायलाच हवं. वर, त्याच्याही वर. काही आठवड्यांनी त्या माणसाची खाती बंद झाली आणि असल्या जागी काम करणाऱ्या कुणाचंही खरं नाव किंवा घर दिसलं तर काहीही न विचारता काढायचं, असा नियम आला. आमच्या मजल्यावर टाळ्या वाजल्या. बाईंनी जपानी पद्धतीने कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला. पण नियम पुढच्यांसाठी होता. मागचे गुण जिथे होते तिथेच राहिले. यंत्राला वाईट वाटत नाही आणि तपासनीसांना माफी मागायची सोय नसते. परमिट झालं नाही. डेक्लन हे सांगायला आला. बाईंनीच त्याला चहा करून दिला.

शेवटच्या आठवड्यात त्या मला ऑफिसच्या कँटीनमध्ये घेऊन बसल्या. टेबल स्वच्छ पुसलं. पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि टेबलावर चार अक्षरं काढली. "बघून ठेव. तुला वाचता यायची गरज नाही. चेहरा लक्षात ठेवतो तसं ठेव. पहिलं अक्षर छत्रीसारखं, शेवटच्याच्या पोटात दोन आडव्या रेघा." मी मोबाईल काढायला लागले तर माझा हात धरला. "फोटो नको. कागदावर नको. नवा नियम आहे, पण नियम विसरायला माणसांना वेळ लागत नाही. रोज सकाळी एकदा ते पान उघडायचं. हा चेहरा दिसला तर कळवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते स्वाती, आणि मूठ कुणीतरी धरून ठेवावी लागते." अक्षरं वाळली की त्या पुन्हा काढायच्या. मला काढता येईपर्यंत त्यांनी सोडलं नाही. त्या नावाचा उच्चार काय, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

विमानतळावर अश्विनी आली होती. त्या शनिवारनंतर मायलेकी कामापुरत्याच बोलत होत्या. बाळ आजीच्या गळ्यात पडून आयरिश हेल काढत "नो, नो" ओरडत होतं. बाईंनी त्याचा पापा घेतला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "केस कोरडे पडलेत. लावत जा तेल." अश्विनीने मान हलवली. आत जाताना बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांना जमलंच नसतं.

त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी मी ते पान उघडते. पुढे मी ती नोकरी सोडली, तरी घरून उघडते. कुणालाही उघडता येतं आणि कुणालाही तक्रार करता येते. दोनदा तो चेहरा पुन्हा उगवला, नव्या नावाने, नव्या खात्यातून. दोन्ही वेळा मी डेक्लनला फोन केला आणि दुपारच्या आत तो गेला. रविवारी बाईंचा पुण्याहून फोन येतो. काकांचा कुकर, माझ्या मुलीची शाळा, सगळं झालं की शेवटी एकच शब्द विचारतात, "बाकी?" मी म्हणते, "बाकी काही नाही, बाई." मग त्या म्हणतात, "ग्रँड." आयर्लंडहून त्यांनी एवढीच वस्तू नेली.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१९ मध्ये, मी बऱ्याच दिवसांसाठी नागपूरला निघाले होते. आईचं ऑपरेशन होतं. तिकडे इंटरनेटचा भरवसा नाही, धावपळीत एखादी सकाळ चुकेल, ही धाकधूक होती. सामान भरत असताना दाराची बेल वाजली. बाहेर अश्विनी उभी. एकटीच, शनिवार होता. बाईंच्या त्या दीड खोलीत आता कुणी ब्राझीलचं जोडपं राहतं. ती स्वयंपाकघरात येऊन बसली. इकडचं-तिकडचं बोलली. मग टेबलाकडे बघत म्हणाली, "तू नसशील तेव्हा ते पान कोण बघणार?"

मी चहाखालचा गॅस बंद केला.

"आई मला सांगणार नाही. मी विचारलं तर रडेल," ती म्हणाली. "तू दाखव."

मी टेबल पुसलं, एका वाटीत पाणी घेतलं आणि तिच्यासमोर ठेवलं. पहिलं अक्षर छत्रीसारखं. ती वाकून बघत राहिली. वाळलं की मी पुन्हा काढलं, आणि मग तिने बोट बुडवलं. तिला चारही अक्षरं नीट काढता आली तेव्हा मी पलीकडच्या खोलीत जाऊन तेलाची बाटली घेऊन आले आणि तिच्या मागे खुर्ची ओढून बसले.